मुखरूच्या गुडघ्यातला वाघ

मुखरूनं वाघाचं नाव घेतलं ते निव्वळ लाजेपोटी.

मूल तालुक्यातल्या त्याच्या गावात तेव्हा मोहफुलाचे दिवस होते. धान केव्हाच निघालं होतं आणि शेतातल्या बांध्या वाळून तडकल्या होत्या. बहिणीच्या मुलीचं, चंचलचं, लग्न उन्हाळ्यात होणार होतं. मागच्या एका वरातीत मुखरू नाचला, तेव्हा चंचलचा बाप धनराज सगळ्यांदेखत म्हणाला होता, "भाऊ नाचून राह्यले का चिखल तुडवून राह्यले?" ते वाक्य मुखरूच्या डोक्यातून जाईना. मग गाव दुपारचं लवंडलं की तो जंगलाकडच्या बांधीत जायचा, मोबाइल पळसाच्या बुंध्याला टेकवायचा आणि पाहून पाहून नाच शिकायचा.

त्या दुपारी एका पायावरची गिरकी होती. अंग झोकात फिरलं, पाय मात्र भेगेत अडकून तिथंच राहिला. गुडघ्यात कट्ट वाजलं आणि मुखरू आडवा झाला.

मोहफूल वेचून येणाऱ्या बाया धावल्या. "काय झालं जी भाऊ?"

चाळिशी उलटलेला, घरी जावई यायच्या वयाचा माणूस. नाचत होतो म्हणून कसं सांगणार? तोंडातून निघून गेलं, "वाघ!"

बायांनी टोपल्या तिथंच टाकल्या.

संध्याकाळपर्यंत तो वाघ चांगला वाढला. आधी नुसता दिसलेला, मग गुरगुरलेला, आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यानं मुखरूवर झेपही घेतली. माणसं बघायला येत, शकुबाई त्यांना चहा देई आणि नवऱ्याकडं असं बघे, जसं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मुखरूला आवडलंच ते. फक्त एक झालं. बाया मोह वेचायला जाईनात. शकुबाईची टोपली रिकामी टांगलेली दिसली की तो तोंड भिंतीकडं फिरवी.

गुडघ्याला तेल चोळून झालं, पाला बांधून झाला. सूज उतरली, पण बांधावरून चालताना गुडघा एकाएकी निसटे आणि मुखरू मटकन खाली बसे. शेवटी शकुबाईनं त्याला एसटीत घातलं आणि चंद्रपूरला फक्त गुडघे बघणाऱ्या डॉक्टरकडं नेलं.

"फक्त गुडघे? मंग बाकीचं अंग कोन पाह्यते?" मुखरू म्हणाला.

डॉक्टर दिव्यानी वयानं लहानच होती. तिनं त्याचा पाय दुमडला, नडगी धरून पुढं ओढली, एमआरआयचे फोटो उजेडापुढं धरले. "आतला लिगामेंट तुटलाय, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा दोर. शिवाय हाडांमधली गादीही फाटलीय. कसं झालं हे?"

"वाघ," शकुबाईच अभिमानानं म्हणाली.

"सरळ पळताना हा सहसा तुटत नाही. पाय कुठं होता? अंग कसं फिरलं?"

"पाय भेगेत होता, अन् मी असा..." मुखरूनं हात हवेत गोल फिरवला.

"पूर्ण गोल?"

"हो."

"वाघ समोर होता ना? मग पूर्ण फिरून तुमचं तोंड परत वाघाकडंच झालं की, भाऊ."

मुखरूचा हात हवेतच राहिला. "शकू, तू जरा चहा पिऊन ये."

"मले नाई पायजे चहा." शकुबाई खुर्चीत घट्ट बसली.

"डॉक्टरबाई," मुखरू जमिनीकडं पाहत म्हणाला, "मी नाचून राह्यलो होतो."

शकुबाईनं पदर तोंडात कोंबला, तरी खुर्ची गदगदा हलत होती. डॉक्टर फोटोच्या आड गेली. मग एकदम शकुबाईचं हसू थांबलं. "अन् माहा मोह? साऱ्या बाया तुमच्यापायी घरी बसल्या! घरी चला, चावडीवर उभं राहून सांगा साऱ्याइले."

आधी ऑपरेशन झालं. बारीक भोकांतून दुर्बीण घातली, त्याच्याच मांडीमागच्या स्नायूची एक कंडरा काढून तिचा नवा दोर केला, गादीला टाके घातले. मुखरू शुद्धीवर आल्यावर डॉक्टरनं बजावलं, "कुबड्या सोडायच्या नाहीत, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. व्यायाम चुकवलात तर माझी मेहनत वाया."

"चुकवते कसे, पाह्यतो मी," शकुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात वनरक्षक लोकेश बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला आला. शकुबाईनं कोपरानं ढोसलं. मुखरूनं घसा खाकरला. "लोकेश, खरं सांगतो. वाघ-बिघ काई नव्हता."

"नव्हता कसा?" लोकेशनं मोबाइल पुढं केला. धुळीत पंज्यांचे ठसे होते, स्वच्छ, ताटलीएवढे. "दुसऱ्याच दिवशी फोटो घेतले मी. तुमी आधीच भेलेले, म्हून दाखवले नाई. हे पळसामांगचं गवत पाहा. बसून होता इथी. बऱ्याच वेळ. तुमच्याकडंच तोंड करून."

मुखरूनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. आपण तिथं कंबर कशी हलवली होती, ते त्याला सगळं आठवलं.

शकुबाईनं मोबाइल ओढून घेऊन फोटो पाहिले. "म्हंजे त्यानं सारा नाच पाह्यला," ती म्हणाली. "तरीबी खाल्लं नाई तुमाले. थोर मनाचा आहे."

शकुबाईच्या हुकमाप्रमाणे मुखरूनं कुबड्या टेकून चावडीवर खरं सांगितलं. कुणाचाच विश्वास बसला नाही. ठशांचे फोटो तोवर लोकेशनं साऱ्यांना दाखवले होते. "भाऊ लाजून राह्यले," बाया म्हणाल्या. त्यानं साक्षीला बायकोकडं पाहिलं, तर ती साळसूदपणे म्हणाली, "त्याइले आपली बढाई आवडत नाई." पण तिनंच लोकेशला गाठलं, आणि उरलेला मोह बायांनी घोळक्यानं, त्याच्या पहाऱ्यात वेचला.

चंचलच्या लग्नात मुखरू गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीवर बसून राहिला. धनराजनं स्वतः वरपक्षाची माणसं त्याच्यापुढं आणून बसवली. "भाऊ, सांगा ना, झेप कशी घेतली ते." मुखरूनं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सांगितलं.

व्यायाम मात्र शकुबाईनं एकही दिवस चुकू दिला नाही. धान कापणीला आलं तोवर डॉक्टरनं नडगी ओढून पाहिली, ती जागची हलली नाही. मुखरू डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालत गेला. गुडघा निसटला नाही. वळून त्यानं ऐटीत बायकोकडं पाहिलं. दुसरा भारा शकुबाईनं जरा मोठाच बांधला.