चार भोकांचं बटण

आमच्या सोसायटीत उन्हालासुद्धा आत यायला आधी परवानगी काढावी लागते, असं माझा नवरा म्हणतो. तो बस चालवतो. थांबा म्हटलं की थांबायची त्याला सवय आहे, म्हणून तो हसून सोडून देतो. मी घरीच शिवणकाम करते. दिवसभर ह्याच इमारतीत असते, त्यामुळे मला तितकंसं हसू येत नाही.

गॅलरीत कपडे वाळत घालायचे, तर कठड्याच्या खाली. म्हणजे जिथे ऊन पोचत नाही, नेमके तिथे. कुंडी चालेल, पण झाडानं कठड्यावरून डोकावायचं नाही. दाराबाहेर चप्पल नको, पायपुसणं नको, ओली छत्री तर नकोच नको. आणि ह्या सगळ्यावर डोळा ठेवायला आमचे सेक्रेटरी. निवृत्त गृहस्थ, एकटेच राहतात, खिशात कायम मोजपट्टीची डबी. बोलता बोलता पट्टी सर्रकन बाहेर ओढतात आणि सर्रकन आत सोडतात. सगळी इमारत त्यांना फूटपट्टी म्हणते. त्यांना ते माहीत आहे, आणि मला वाटतं थोडं आवडतंही.

तर ह्या फूटपट्टींनी एका सभेत ठराव आणला, की सगळ्या घरांची दारं एकाच रंगाची करायची. रंग ठरला सायीचा. "इमारत कशी एका आईच्या लेकरांसारखी दिसली पाहिजे," ते म्हणाले. कुणी विरोध केला नाही. विरोध केला असता तर सभा लांबली असती.

आमचं दार निळं होतं, मोराच्या गळ्यासारखं. तो रंग आईंनी निवडलेला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी जन्मभर काज-बटणाचं काम केलं. शिंप्यांकडून शर्टांचे गठ्ठे यायचे, आई काजं विणायच्या, बटणं टाकायच्या, गठ्ठे परत जायचे. डोळे त्यात झिजले की वयानं, ते डॉक्टरीणबाईंना ठाऊक, पण आता त्यांना समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माणसाचा चेहरा पुसलेला, कान मात्र शाबूत. "बरंय की," आई म्हणतात, "तोंड काहीही बोलतं. कान बिचारे साधे असतात."

रोज संध्याकाळी आई एकट्या खाली जायच्या. बागेतल्या बाकावर त्यांच्या वयाच्या दोघीजणी यायच्या, तिघी मिळून जगाची उस्तवार करायच्या आणि अंधारायच्या आत आई एकट्याच वर यायच्या. लिफ्टमधून बाहेर आलं की डोळ्याच्या कडेला निळं दिसायचं. निळं दिसलं की घर. हात धरू पाहणाऱ्याला त्या झटकून टाकत. "मला हात धरून न्याल, त्या दिवशी मी म्हातारी झाले असं समजा," म्हणायच्या. त्या वेळी त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं.

रंगारी आला त्या दिवशी आई दारातच खुर्ची टाकून बसल्या. त्याचा ब्रश फिरत होता आणि निळं हळूहळू सायीखाली बुडत होतं. आई चिडल्या किंवा खूश झाल्या की ओवी जुळवतात. त्यांनी जुळवली:

रंगारीदादा रे, ब्रश कुठं तू धुतला
माझ्या घराचा पत्ता, त्याच पाण्यात गेला

रंगारी वरमला. म्हणाला, "आजी, मला जे सांगितलं ते मी लावतो."

"तुला नाही रे बोलत. तू आपला नीट लाव. खाली कोपरा राहिलाय तुझा." कडेचं दिसतं त्यांना, म्हटलं ना.

त्याच सुमारास लिफ्टमधले बोटाला लागणारे जुने आकडे गेले आणि गुळगुळीत काच आली. काचेला कुठेही बोट लावा, सारखंच लागतं. झालं. पुढच्याच आठवड्यात आई एक मजला आधी उतरल्या, आमच्या बरोब्बर खालच्या घराचं दार ढकललं आणि आत गेल्या. ते घर फूटपट्टींचं.

हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. ते ओट्याशी उभे राहून पातेल्यातूनच थंड भात खात होते. मागून आवाज आला, "उभ्यानं खातोस? पातेल्यातून? घरातली ताटं काय भाड्यानं दिलीस?"

"मी एकदम पातेलं खालीच ठेवलं हो," फूटपट्टी मला सांगत होते. "ताट घेतलं. बसलो. मग माझ्या लक्षात आलं, की ह्या आहेत कोण?"

तोवर आईंनी भात गरम करायला ठेवला होता. गॅस कुठे आहे ते सापडलं, कारण सोसायटीतली सगळी स्वयंपाकघरं एकाच साच्यातली. मीठ सापडेना तेव्हा त्यांना शंका आली. "मिठाचा डबा कुणी हलवला?" फूटपट्टी खाकरले. आई वळल्या आणि त्यांच्याकडे जरा तिरकं, कडेनं बघितलं. "अगंबाई! हे कान आमच्या घरातले नव्हेत."

ते आईंना वर घेऊन आले तेव्हा मी खजील होऊन माफी मागितली. "नाही नाही, मावशींनी काही नासधूस केली नाही," ते म्हणाले. पट्टी सर्रकन बाहेर, सर्रकन आत. "फक्त दाराच्या बाबतीत... जरा लक्ष ठेवा."

पण दुसऱ्यांदा आई शिरल्या त्या आमच्या समोरच्या घरात. तिथे राहते ती दुर्बीण. दाराच्या भिंगाला तिचा डोळा सदैव लावलेला असतो, म्हणून हे नाव. नेमकी त्या वेळी ती अंघोळीला गेलेली. बाहेर येऊन बघते, तर आई तिच्या नव्या कोऱ्या सोफ्यावर बसून तिच्या घरच्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताहेत, वर तिलाच बजावताहेत, "अगं सूनबाई, ह्या परकरांच्या शिवणी उसवल्यात सगळ्या. तुझ्या मशीनवर टाक."

माझ्या मते ह्यात उपकारच होते. दुर्बिणीनं तक्रार केली.

कमिटीचा निरोप घेऊन फूटपट्टी स्वतः आले. खुर्चीवर बसले नाहीत. "आजपासून मावशींबरोबर कुणीतरी असावं, असं ठरलंय. एकट्यानं खाली-वर नको. मी एकटा विरोधात होतो, पण..." पट्टी त्यांनी बाहेरच काढली नाही.

कुणीतरी म्हणजे कोण? नवऱ्याच्या बसच्या पाळ्या. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग. नवरा म्हणाला, "आई, आम्हाला जमेल तेव्हा नेऊ ना." आई म्हणाल्या, "हो रे बाळा." इतक्या शहाण्यासारख्या म्हणाल्या, की मी मशीन थांबवून त्यांच्याकडे बघितलं.

त्या गॅलरीत बसायला लागल्या. खालून बाकावरच्या दोघी हाका मारायच्या, आई हात हलवायच्या आणि तो हात मग बराच वेळ कठड्यावर तसाच राहायचा. ओवी नाही. टोमणा नाही. चहात साखर विसरले तरी एक शब्द नाही. पूर्वी साखर विसरले तर ते अख्ख्या बाकाला कळायचं.

एका दुपारी मी गणवेश वेगळे करत होते. सगळे एकाच मापाचे, एकाच रंगाचे. असं काम आलं की मी दुमडीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेगळ्या रंगाचा एकेक टाका घालते. वरून सगळे सारखे, आतून ज्याचा त्याचा. तो टाका घालता घालता माझा हात थांबला. बटणांचा डबा काढला, कोटाचं मोठं, चार भोकांचं, कडेला छान गोट असलेलं बटण शोधलं आणि आमच्या दाराच्या हँडलला खालच्या बाजूनं चिकटवून टाकलं.

"आई, जरा इकडे या. हात द्या."

त्यांचं बोट हँडलखाली गेलं, थांबलं, गोल फिरलं. मग कित्येक दिवसांनी त्या हसल्या. "कोटाचं, चार भोकांचं. सूनबाई, तू तर दाराला काज-बटण केलंस!"

आई पुन्हा जाऊ लागल्या. हात हँडलखाली घालायचा. बटण लागलं तर घर, नाही लागलं तर समोरचं दार बघायचं, नाहीतर जिना चढायचा किंवा उतरायचा. फूटपट्टींना जिन्यात भेटल्या तरी ते दुसरीकडे बघायचे. एवढंच झालं, की आईंना यायला थोडा उशीर व्हायला लागला. विचारलं, की "बोलत बसले होते."

मध्ये एकदा फूटपट्टी माझ्याकडे आले. "शर्टाचं बटण तुटलंय. एखादं मिळेल?"

"शर्ट आणा ना, लावून देते."

"नको, नको. बटणच द्या. जरा मोठं बघा."

"शर्टाला?"

"अं... पायजम्याला." त्यांनी डब्यात स्वतःच बोटं घातली आणि एक मोठं बटण उचललं. दोन भोकांचं. पायजम्याला असलं बटण लावणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, पण ज्याचा त्याचा पायजमा.

आणि मग दुर्बिणीला आमचं बटण सापडलं. आमच्या दाराचं हँडल ती खालून का चाचपत होती, हे तिला कुणी विचारलं नाही. रविवारी सकाळी अर्धी कमिटी आमच्या दारात. आई आत पायात चपला घालून उभ्या, खाली जायच्या बेतात; हल्ली त्यांची सकाळचीही एक फेरी असायची. मी त्यांच्या मागे. माझ्या मनात एकच, की आज बटण गेलं तर ह्या चपलाही गेल्या.

"नियम स्पष्ट आहे," दुर्बीण म्हणाली. "दाराच्या दर्शनी भागावर कसलीही वस्तू लावायची नाही. साहेब, बघा तुम्हीच."

फूटपट्टी दारासमोर आले. चष्मा पुसला. पट्टी काढून हँडलची जमिनीपासूनची उंची मोजली, का ते देव जाणे. "दर्शनी," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे उभ्या माणसाला दिसतो तो. मी उभा आहे. मला काही दिसत नाही."

"अहो, मग खाली बसा ना!"

"बसलेल्या माणसाबद्दल नियमात काही नाही."

"मग हात लावून बघा!"

"हात लावण्याबद्दलही नाही. नियम मीच लिहिलेत, बाई."

कुणीतरी फस्सकन हसलं. पण दुर्बीण कसली ऐकते! "ठीक आहे. मग सगळ्यांचीच हँडलं बघू या. आणखी कुणाकुणाकडे ही फॅशन पोचलीय ते तरी कळू दे. खालच्या मजल्यापासून सुरू करू."

फूटपट्टींच्या हातातली पट्टी सुटली आणि सर्रकन डबीत गेली. "त्याची काही गरज नाही," ते म्हणाले, आणि हे म्हणेपर्यंत जिन्याच्या चार पायऱ्या उतरलेसुद्धा. आम्ही सगळे त्यांच्या मागे. खाली पोचलो तेव्हा ते स्वतःच्या दाराला पाठ लावून उभे होते, एक हात मागे. सीमेवरचा पहारेकरी काय उभा राहील!

"माझं दार मी स्वतः तपासलंय," ते म्हणाले.

मला ते पायजम्याचं मोठं बटण आठवलं.

दुर्बीण पुढे सरकली. तेवढ्यात माझ्यामागून जिना उतरून आई आल्या. त्या फूटपट्टींच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांच्याकडे कडेनं बघितलं. मग वळल्या. "अगं," त्या दुर्बिणीला म्हणाल्या, "तुझ्या दुधाचा वास येतोय वरून."

दुर्बीण किंचाळली आणि वर पळाली. तिच्यामागे जी पांगापांग झाली, तीत सभाही विरघळून गेली. दूध होतं की नाही, ते मला माहीत नाही. मला तरी वास आला नव्हता.

घरात आल्यावर मी दार लावून घेतलं. "आई, एक सांगू? रागावू नका. त्यांनी त्यांच्या दारालाही बटण लावलंय. माझ्याकडूनच नेलं. तुम्ही चुकून त्यांच्याकडे जावं म्हणून. तुम्हाला फसवताहेत ते!"

आई खुर्चीत टेकल्या. पदरानं कपाळ पुसलं. मग इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"अगं वेडे, जन्म गेला माझा बटणं टाकण्यात. दोन भोकांचं आणि चार भोकांचं मला कळायचं नाही? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग आत कशाला गेलात?"

"चुकून," आई म्हणाल्या. "तो इतका जीव तोडून फसवतोय, तर माणसानं थोडं फसायला नको? आता बसून जेवतो तो. ताटात. मी गेले की म्हणतो, 'मावशी, पुन्हा चुकलात वाटतं!' मी म्हणते, 'काय करू बाबा, दारं सगळी सारखीच.'" त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आज कान बघितलेस त्याचे? लालबुंद. दाराला तो रंग दिला असता, तर मी कधी चुकलेच नसते."

मग त्या उठल्या. चपला पायात होत्याच. गुणगुणत दारापर्यंत गेल्या:

चार भोकांचं बटण, माझ्या घराची गं खूण
दोन भोकांच्या दारी, कुणी बसे वाट बघून

उंबऱ्यात थांबून त्यांनी मागे वळून हाक मारली. "आणि हे बघ, दुपारी जरा खाली जाऊन ये. तुझी ती गोंदाची बाटली घेऊन जा. त्यानं बटण भाताच्या शितानं चिकटवलंय. दोन दिवसांत पडेल, आणि मग मी चुकायचं कसं?"