काँगो जवळ, विहीर दूर

मी बोलतोय, पंचायतीचा रेडिओ! जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो, आज माझंही ऐका.

दर्यापूरहून बैलगाडीत आलो, सोबत ही जडशीळ बॅटरी. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी जिभेवर ठेववत नाही. सरपंच शेषरावांनी मला हार घालून ओट्यावर बसवलं. रोज सांजेला मी सांगायचो, आपल्या देशाचा शब्द आता जगात चालतो, शांतता राखायला आपली फौज काँगो देशात गेली आहे.

"हा काँगो अकोल्याच्या पुढं येते का?" माझी देखभाल करणारे नत्थुजी विचारायचे. मला तरी कुठं ठाऊक होतं!

ओट्याखाली जाईबाई बसायची. तिचा धर्मपाल त्याच फौजेत. "माह्या लेकाचं काही सांगून राहिला का हा?" एवढंच ती पुसायची.

एका सांजेला मी म्हणालो, "काँगोत चकमक, आपले काही जवान..." आणि माझा आवाजच बसला. बॅटरीतलं पाणी आटलं होतं, तिच्यात घालायला दर्यापूरहून आणलेली शुद्ध पाण्याची बाटलीही रिकामी.

"गोडं पानी आना कोनी!" नत्थुजी ओरडले.

जाईबाई घागर घेऊन धावली. गोडी विहीर एकच, शेषरावांच्या मळ्यात. तिच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तरी त्या विहिरीचा दोर तिच्या हाती नव्हता. वरून कुणी ओतलं तरच घागर भरायची.

इकडे नत्थुजींना धीर निघेना. "पानी ते पानी!" म्हणत त्यांनी खारंच ओतलं. मिठानं बॅटरी खराब झाली, तिखट वास सुटला आणि मी पुरता मुका झालो.

जाईबाई परतली ती रिकाम्या घागरीनं.

"काहून नाई आनलं?" नत्थुजींनी विचारलं.

"ओताले कोनी नोतं, भाऊ. सारे तं इकडंच होते."

शेषराव उठून घरी निघून गेले. ती माउली मात्र किती दिवस मुक्या माझ्यापुढे येऊन बसे! मला फार वाईट वाटे.

धर्मपाल सुखरूप आला. माझ्यावरची धूळ पुसत म्हणाला, "माय, तिकडं आमी साऱ्याइले पानी वाटलं. कोनाची जात नाई पुसली."

"इकडं अजून ओतनाऱ्याची वाटच पाहा लागते, बाप्पा," ती म्हणाली.

मला राहून राहून नवल वाटतं. दिल्लीचा आवाज क्षणात गावात येतो, मग मळ्यातलं पाणी हिच्या घरी का येत नाही? नवी बॅटरी आणाल तेव्हा आणा, बाबांनो. आधी तो दोर जाईबाईच्या हातात द्या. तोवर मी मुकाच बरा.