पिवळ्यात पिवळं

खुरासणीला ना खत लागतं ना निंदणी, असं भिमाबाईच्या सासूनं तिला लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. सासूच्या बाकीच्या बोलण्याकडे भिमाबाईनं आयुष्यभर कानाडोळा केला, पण हे एक मात्र तंतोतंत पाळलं, कारण त्यात काम कमी होतं. भाताला आणि नागलीला सगळी मेहनत, आणि वरचा मुरमाड माळ खुरासणीचा. पावसाचा जोर ओसरला की बी फेकायचं आणि दसऱ्याच्या सुमारास पिवळा झालेला माळ बघत बसायचं.

तेल घरापुरतं निघायचं. बी मात्र पाड्याभर जायचं. सुरगाण्याकडच्या त्या पाड्यावर खुरासणीचं बी म्हणजे भिमाबाईच्या मडक्यातलं, हे ठरलेलं. काळं, चकचकीत, भरलेलं. ती ते ओंजळीनं द्यायची, मापानं नाही. लोकांनी तिच्या दारात यावं अशी तिच्याकडे ही एवढीच गोष्ट होती, आणि ती ते जाणून होती.

सत्त्याण्णवच्या वैशाखात मीना सून होऊन आली. माहेर दिंडोरीकडचं, बाप द्राक्षबागेत कामाला. मातीला काहीतरी घातल्याशिवाय तिला चैन पडायची नाही.

"आत्याबाई, माळाला कधीच खत घातलं नाय?"

"माळानं कधी मागितलं नाय."

"मागंल कसा? त्याला तोंड हाय का?"

भिमाबाईला हसू आलं, आणि ती हसली म्हणजे हरली. दोघींनी गोठ्यामागचा उकिरडा उपसला आणि शेळ्यांचं लेंडीखत पाट्यांनी डोक्यावरून माळावर चढवलं. उरलेलं शेजारच्या लंकाबाईनं नेलं. शेळ्या राखणारा दीर झिपरू म्हणाला, "वहिनी, नव्या सुनेला लेंड्या वाहायला लावलं?"

"तिनंच मला लावलं, भावजी."

खुरासणी कमरेला लागली. अशी कधी आलीच नव्हती. वाटेनं जाणारी माणसं थांबून बघायची, आणि भिमाबाई काही काम नसताना दिवसातून दोनदा माळावर जायची.

पितरांच्या पंधरवड्यात तिला पहिला धागा दिसला. हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा पिवळा, ना पान, ना जमिनीत मूळ. दुसऱ्या दिवशी तिथं वीतभर जाळं होतं. चौथ्या दिवशी घोंगडी अंथरावी एवढं. त्याच्याखाली खुरासणीनं माना टाकल्या होत्या, आणि माळावर अशा घोंगड्या आणखी चार-पाच ठिकाणी अंथरलेल्या होत्या.

तिनं मीनाला बोलावलं. मीनानं वाकून एक धागा ओढला; तो खुरासणीच्या देठातून सुटेना.

"अमरवेल हाय," मीना म्हणाली. "हिच्यापायी माझ्या बापानं लसूणघासाचा अख्खा वाफा नांगरून टाकला. गेल्या वर्षी होती का हितं?"

"बांधाच्या कोपऱ्यात होती, सुपाएवढी."

"मग जाळली?"

"जाळायची कशाला? शेळ्यांना घातली. लय आवडीनं खाल्ली त्यांनी."

"बी धरलं होतं का तिनं?"

भिमाबाईला ते मोहरीहून बारीक गोल दाणे आठवले. तिनं मान डोलावली.

"शेळीच्या पोटातून ते बी जसंच्या तसं बाहेर पडतं, आत्याबाई. मातीत दहा-दहा वर्षं पडून राहतं."

दोघींनी एकदम पायाखाली पाहिलं. पाटी पाटी करून, डोक्यावरून, हसत हसत त्यांनी ते स्वतःच वर आणलं होतं.

घरी येऊन मीनानं मडक्यातलं उरलंसुरलं बी पांढऱ्या धडप्यावर ओतलं. काळ्या लांबट दाण्यांमध्ये मातकट, गोल कण होते. भिमाबाई आजवर त्याला धूळ समजत आली होती.

"फुलायच्या आत काढायला हवं," मीना म्हणाली. "एकदा खुरासणी फुलली की पिवळ्यात पिवळं दिसायचं नाय."

"बियाला एक कोपरा ठेवू."

"कोणता?"

सकाळी भिमाबाईनं माळाचे चारी कोपरे पाहिले. मग आपणच विळा घेऊन पहिल्यांदा वाकली. कापलेलं ओलं पीक तीन दिवस धुमसत होतं आणि घरातल्या भाकरीलासुद्धा त्या धुराचा वास येत होता.

मडक्यातलं बीही त्याच आगीत गेलं, मडकं रिकामं झालं. पण बी संपलं असं तिला वाटेना. लंकाबाईकडे आपलंच आहे, आपलंच ओंजळभर परत मागू, असं ठरवून दसऱ्यानंतर ती खाली लंकाबाईच्या शेतावर गेली.

शेत भरून फुललं होतं. नुसतं पिवळं. भिमाबाईनं बांधावर उभं राहून डोळे ताणून पाहिलं, आणि कुठंच काही दिसलं नाही तेव्हा तिच्या जिवाला जरा बरं वाटलं.

"बघ, तुझंच बी आणि तुझंच खत," लंकाबाई म्हणाली. "असं कधी आलं नव्हतं बाई."

भिमाबाई बांधावरून उतरली. तिनं फुलांच्या खाली हात घातला आणि एक रोप धरून ओढलं. त्याच्याबरोबर सहा आली, एकमेकांना बांधलेली.

"असू दे गं, थोडी वेल हाय खाली," लंकाबाई म्हणाली. "हाताला येईल तेवढी मी उपटते आणि झिपरूभाऊच्या शेळ्यांपुढं टाकते. तुटून पडतात तिच्यावर."

भिमाबाईनं धागा नखानं सोलला. त्याच्यावरची बोंडं बियांनी भरली होती. आता गप्प बसलं तर पुढच्या वर्षीही पाडा आपल्याच दारात येईल, हे तिला कळत होतं.

"लंके," ती म्हणाली, "खुरासणी मी दिली. ही वेलपण मीच दिली. बियात होती, खतात होती. तुझं शेत कापून जाळावं लागंल. माझं मी जाळलं."

लंकाबाई हसायला लागली होती, ती मधेच थांबली. तिनं स्वतः वाकून एक रोप ओढून पाहिलं.

"आज शेळ्या कुठं हायेत?" भिमाबाईनं विचारलं.

"वर, डोंगरावरच्या नाथाच्या माळावर. तुझ्या पिकाची गोष्ट ऐकली त्यानं. झिपरूभाऊला सांगून आठ दिवस बसवून घेतल्यात खताला, आज शेवटचा. त्याच्यानंतर पलीकडच्या पाड्याचाही नंबर हाय म्हणे."

वरच्या डोंगरावरून शेळ्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. भिमाबाईनं पदर खोचला आणि चढाला लागली. आवाज तिच्या पुढं पुढं, सावकाश, पलीकडच्या उताराकडे चालला होता.