नंदूकाकांनी परत नेलेला गाऊन

मित्रांनो, घरात बायका घालतात त्या फुलाफुलांच्या गाऊनशी माझी गल्लत करू नका हं! मी एक जुना, काळा, वकिलाचा गाऊन आहे. कॅनडात, ओटावातल्या एका शिंप्याच्या दुकानात माझा जन्म झाला. पाठीवर चुण्या, ऐसपैस बाह्या आणि कॉलरच्या आत पांढऱ्या धाग्याने शिवलेलं नाव: सुमेधा.

ते नाव शिवून घेतलं नंदूकाकांनी. नंदूकाका म्हणजे तिचे रक्ताचे कुणी नव्हेत, तिच्या बाबांचे मित्र. ओटावाच्या कनाटा या उपनगरात राहणारे रिटायर्ड इंजिनियर. सुमेधा शाळेत असतानाच तिचे बाबा गेले. तेव्हापासून तिला गाडी शिकवण्यापासून तापात रात्र जागण्यापर्यंत सगळं काका आणि मृणालिनीकाकूंनीच केलं. तिला वकिलीची सनद मिळाली, त्या दिवशी काकांनी मला तिच्या खांद्यावर चढवलं आणि म्हणाले, "आता बोल बिनधास्त!"

काकू कुंकवाची कुयरी घेऊन पुढे आल्या. नवी वस्तू घरात आली की तिला कुंकू लावायचं, हा त्यांचा नेम. त्यांची गाडी, मिक्सर, बर्फ उडवायचा स्नो ब्लोअर, कुणीही त्यातून सुटलं नव्हतं. माझी तर घाबरगुंडीच उडाली.

"काकू, अहो डाग पडेल!" सुमेधा ओरडली.

"मग आतून लावते," असं म्हणून काकूंनी कॉलरच्या आत, नावाशेजारी बोट टेकवलं. तो ठिपका आजही माझ्या अंगावर आहे.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. देश सोडा असा हुकूम ज्यांच्या हातात पडलेला असतो, अशा माणसांच्या केसेस सुमेधा लढवायची. कडाक्याच्या थंडीत मला बॅगेत घालून बसने कोर्टात जायची आणि बाहेरच्या बाकावर मला मांडीवर घेऊन पोळीचा रोल खायची. कधी जिंकायची, कधी हरायची. हरली की घरी येऊन मला नीट हँगरला लावायची आणि मगच रडायची. वर्षं गेली, माझे कोपर विरले. पण समोरचे वकीलसुद्धा म्हणायचे, ही बाई खोटं बोलत नाही. मला केवढा अभिमान वाटायचा!

आणि मग सुमेधाने फेडरल कोर्टाची न्यायाधीश होण्यासाठी अर्ज केला. इथे न्यायाधीश व्हायला निवडणूक नसते, मित्रांनो. समिती सगळी कुंडली तपासते, आपल्याविरुद्ध लढलेल्या वकिलांनाही विचारते, शेवटी मंत्रिमंडळ ठरवतं. आणि तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही. एका दुपारी ती मला इस्त्री करत असताना फोन वाजला. निवड झाली होती! बोलणं संपलं तशी ती स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसली. नाव जाहीर झालं तेव्हा काकांनी अख्ख्या कनाटात पेढे वाटले.

पुढच्याच रविवारी काका घरी आले. त्यांच्या भाचीचा मुलगा शौनक नागपूरहून शिकायला आला होता आणि त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहत होता. परमिटची मुदत संपल्यावरही तो काम करत राहिला आणि अडकला; देश सोडायचा हुकूम त्याच्याही हातात पडला.

"तुझ्याच कोर्टात आहे त्याची केस," काका म्हणाले. "त्या केसला तू नको बसूस गं. पण जे कोणी जज असतील त्यांच्या कानावर घाल. एक शब्द टाक, बस."

"काका, मला यातलं काहीच ऐकता येणार नाही."

"ऐकतासुद्धा येणार नाही? आम्ही परके झालो?"

"परके नाही, म्हणूनच. मी कुणाला काही सांगणार नाही, काका. कधीच नाही."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "वा! ओळख मग असते कशाला? राहू दे. तो माझा गाऊन तेवढा परत दे."

सुमेधाने मला घडी करून त्यांच्या हातात दिलं. "सांभाळून न्या," एवढंच ती म्हणाली.

बेसमेंटमध्ये गाडीच्या काढून ठेवलेल्या टायरांशेजारी एका खिळ्याला काकांनी मला अडकवलं. शौनकने एकदा माझ्यावर आपली ओली टोपी वाळत घातली आणि ती तिथेच राहिली. टोपी, मित्रांनो! अपमानाची परिसीमा झाली. पण त्याहून जास्त मला सुमेधाची आठवण यायची. वर तिचा फोन वाजायचा. काका म्हणायचे, "बिझी आहेत म्हणून सांग." आणि काकू मुकाट्याने तसं सांगायच्या.

शौनकच्या केसच्या दिवशी काका कोर्टातून परतले ते सरळ खाली आले आणि टायरवर बसले. मागून काकू आल्या.

"हरला," काका म्हणाले. "चूक त्याचीच होती गं. वकील बोलला, जजनी सगळं ऐकून घेतलं." काकू समोरच्या टायरवर टेकल्या. "माझ्या शेजारी एक पंजाबी बाई बसली होती. तिच्या मुलाची केस होती. मला विचारते, 'भाईसाब, अंदर आपका कोई है? हमारा तो कोई नहीं.' मग तिच्या मुलाची केस निघाली. जजनी तीसुद्धा तेवढ्याच शांतपणे ऐकली. मुलगा सुटला गं तिचा."

काकांनी वर बघितलं. मी खिळ्यावर लटकत होतो. त्यांनी मला हळूच उतरवलं आणि ती टोपी झटकून टाकली.

वसंतात सुमेधाच्या शपथेचा जाहीर समारंभ होता. अशा वेळी नव्या न्यायाधीशाला घरची माणसं नवा झगा चढवतात. सुमेधा मागच्या खोलीत उसन्या गाऊनमध्ये एकटीच उभी होती. दार उघडलं. दारात काका होते, हातावर मी, कडक इस्त्री केलेला.

"शौनक नागपूरला गेला," काका म्हणाले.

"कळलं, काका."

"आता काही मागायला नाही आलो. हा घाल. आत तुझंच नाव आहे."

मी पुन्हा त्या खांद्यांवर बसलो. आनंदाने माझी शिवण उसवते की काय असं झालं! ती माझ्यातच चालत कोर्टात गेली. सगळ्यांसमोर काकांनी मला उतरवलं आणि नवा कोरा झगा तिच्या खांद्यावर ठेवला. काकूंनी पर्समधून कुयरी काढली. या वेळी सुमेधा ओरडली नाही. तिने आपणहून मान वाकवली आणि काकूंचं बोट नव्या कॉलरच्या आत टेकलं.

काका तिच्या कानाशी पुटपुटले, "माझ्यासाठी काही करू नकोस. ज्यांचं आत कुणी नाही, त्यांची हो."

मित्रांनो, आता मी सुमेधाच्या कपाटात असतो. माझ्यासारख्या जुन्या कपड्यांना जपा, कसर लागू देऊ नका. पण प्रेमाचं माणूस कधी तोंडावर 'नाही' म्हणालं, तर त्याला खिळ्याला टांगू नका. आणि टांगलंच असेल, तर काकांसारखं आपल्या हाताने उतरवून घ्या.