दोन पाय, सहा मात्रा

माझा डावा पाय दारात अडतो. मोकळ्या खोलीत तो कसाबसा चालतो, पण दाराची चौकट समोर आली की तळवा जमिनीला चिकटतो आणि वरचं धड पुढे जात राहतं. याला पार्किन्सन्स म्हणतात आणि माझं हे सहावं वर्ष आहे. मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. जन्म काचपट्टीवरच्या पेशी बघण्यात गेला, त्यामुळे स्वतःच्या आजाराकडेही मी जरा लांबूनच बघते. उगाच कुणी हळवं व्हायला लागलं की माझं डोकं फिरतं.

सगळ्यात वाईट वेळ सकाळची. गोळी लागू व्हायला पाऊण तास लागतो आणि लघवी पाऊण तास थांबत नाही. पलंगापासून टॉयलेटपर्यंत अकरा पावलं आणि दोन दारं. आठ महिने माझा नवरा शशिधर मला कोपराला धरून नेत होता आणि आत गेल्यावर माझ्याकडे पाठ करून हवेबद्दल बोलत होता. कार्डिफच्या हवेबद्दल आठ महिने रोज बोलण्यासारखं काही नसतं. मार्चमध्ये आम्ही दोघं मधल्या पॅसेजमध्ये एकमेकांच्या अंगावर पडलो. त्याची पाठ धरली, माझं मनगट सुजलं आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी आली. गोड मुलगी होती. म्हणाली, असं धरून नेणं आता दोघांनाही धोक्याचं आहे. तुम्हाला एकटीने जाता आलं तर उत्तम, नाहीतर सात तारखेला पलंगाशेजारी ठेवायची कमोडची खुर्ची पाठवते.

मला ती खुर्ची नको होती. झोपायच्या खोलीत, नवऱ्यासमोर, डबा ठेवून बसायचं नव्हतं. त्यात कसली आली लाज, पेशंटला लाज कसली, असं मी स्वतः शेकडो लोकांना सांगितलेलं आहे. सांगायला काय जातं.

बर्मिंगहॅमहून मुलीचा, इथेच वाढलेल्या उर्वीचा, रोज फोन. "आई, तिकडे डान्स क्लास आहे ना, पार्किन्सन्सवाल्यांसाठी? प्लीज एकदा ट्राय कर. मी वाचला, म्युझिक लावली की पाय ऐकतो." तिला गप्प करायला मी एका मंगळवारी चॅपलमागच्या हॉलमध्ये गेले. चौदाजण होतो, सगळे थोडेथोडे थरथरणारे. कोपऱ्यात नेरिस नावाची सत्तरीची वेल्श बाई फिडल घेऊन उभी होती. तीस वर्षं या शहरात पायी टपाल वाटलेली बाई. तिने एक जिग सुरू केली. जिग म्हणजे इथली जुनी नाचाची चाल, उड्या मारत जाणारी. वाजवताना ती आमच्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. मी इतरांबरोबर हॉल ओलांडला, चहासाठी स्वयंपाकघरात गेले, कप हातात घेतला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी एका दारातून आत आले आहे. मी थक्क झाले. हे कबूल करते, कारण मी सहसा होत नाही.

घरी येऊन शशीला सांगितलं. आम्ही मिरजेला मेडिकलच्या एकाच बॅचला होतो, त्यामुळे आमचं पहिल्यापासून अरे-तुरे. माझ्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. शशी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर होता, पण विचाराल तर स्वतःला व्हायोलिनवादकच म्हणवेल. बेचाळीस वर्षं हिंदुस्थानी पद्धतीने वाजवतोय. दार बंद, डोळे बंद, आणि बाहेर मी भांड्यांचा आवाज करायचा नाही. मी त्याला ती चाल गुणगुणून दाखवली.

"अगं, हा तर दादरा," तो म्हणाला. "सहा मात्रा. धा धी ना, धा ती ना. यात काय शिकायचंय?"

"मग सकाळी तू वाजव. फोनवरचं रेकॉर्डिंग लावून बघितलं मी. पाय अडला तरी ते पुढे निघून जातं. तिची जिग माझ्यासाठी थांबते, परत उचलते."

"वाजवतो की. फिडल म्हणजे शेवटी व्हायोलिनच, जरा बेशिस्त."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो पायजम्यावर पॅसेजमध्ये उभा राहिला आणि वाजवायला लागला. सूर सुरेख होता, तो त्याचा असतोच. मी उजवा पाय टाकला. डावा अडला. परत उजवा, परत डावा अडला. पहिल्या दारापर्यंत सात मिनिटं लागली आणि तिथे मी चौकटीला धरून उभी राहिले. पुढचं सांगत नाही, माझा गाऊन नंतर मशीनमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी तर त्याने ओळीच्या शेवटच्या सुरावर एक लांब मींड घेतली, सूर ओढतच राहिला. मी एका पायावर बगळ्यासारखी. "शशी, सूर सोड!" मी ओरडले. शेजारच्या घराची आमची भिंत एकच आहे. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

"चालच वेडीवाकडी आहे," तो म्हणाला. "हिला धड ठेहराव नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं."

त्याला ते लागलं. दिवसभर व्हायोलिन पेटीतच राहिलं. मलाही वाईट वाटत होतं, पण माझ्या हातात एक तारीख होती आणि मधे दहाच दिवस उरले होते.

मंगळवारी मी त्याला व्हायोलिनसकट क्लासला नेलं. नेरिसने त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाली, तुम्हीच वाजवा, मी बघते. ती अर्थातच इंग्रजीत बोलली, मी आपली मराठीत सांगते आहे. शशीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. आम्ही चौदाजण ओळीने निघालो. चारपाच पावलं झाली नाहीत तोच अख्खी ओळ लंगडायला लागली. सगळ्यांचा एक पाय दमदार पडत होता आणि दुसरा हवेत चाचपडत होता. माझ्यापुढचा म्हातारा, एरवी घोड्यासारखा चालणारा, भिंतीला टेकला. शशी डोळे मिटून तल्लीन. त्याला काही पत्ताच नव्हता.

नेरिसने त्याच्या दंडाला हात लावून थांबवलं. "पहिला ठोका तुम्ही छान देता," ती म्हणाली. "दुसरा कुठे गेला?"

"दुसरा?"

"तीन आणि तीन. एक इथे, एक इथे." तिने स्वतःचे बूट जमिनीवर आपटून दाखवले.

शशी जरा हसला, अडाण्याला समजावताना हसतो तसा. म्हणाला, आमच्याकडे सहा मात्रांच्या तालात पहिल्या मात्रेवर सम असते, तिथे जोर. चौथ्या मात्रेवर काल, म्हणजे रिकामी जागा. तिथे आम्ही टाळी वाजवत नाही, हात नुसता उघडा टाकतो. म्हणून तिथे मी गज हलका ठेवतो. ती हलकी जागा आहे म्हणूनच सम उठून दिसते. सुरुवातीला गुरुजी टाळ्या देत शिकवायचे, ते हाडात बसलंय.

नेरिसने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ऐकायला सुंदर असेल. पण रिकाम्या जागेवर तिने पाय कसा ठेवायचा?"

शशीने माझ्याकडे बघितलं. माझा उजवा पाय समेवर पडत होता आणि डावा, आजारी, मुळात भित्रा असलेला डावा, रोज सकाळी नेमका त्याच्या रिकाम्या जागेवर येत होता. तो जोर काढून घेत होता आणि पाय अडत होता. बेचाळीस वर्षांची तयारी आणि त्यात माझ्या डाव्या पायाला जागा नव्हती. एवढं सोपं निदान मला तीन दिवसांत करता आलं नाही, याचा मला राग आला.

"आणि सहा मोजू नका," नेरिस म्हणाली. "दोन मोजा. पाय दोनच असतात. मधले सूर त्या पायांना उचलायला आहेत. शेवटचा सूर ओढू नका, नाचणारा एका पायावर किती वेळ उभा राहणार? आणि डोळे उघडे ठेवा. तुम्ही वाजवणार आणि ती ऐकणार, असं नाही हे. ती चालणार आणि तुम्ही तिच्याबरोबर जाणार."

गाडीत तो हवेबद्दल बोलत राहिला. मला वाटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी. पण घरी आल्यावर त्याने कोट न काढताच व्हायोलिन काढलं आणि वाजवत जेवणाच्या टेबलाभोवती चालायला लागला. उजवा, डावा, दोन्हीवर गज सारखा. पहिल्यांदा त्याचाच गोंधळ व्हायचा; डाव्या पायावर हात आपोआप हलका पडायचा आणि मग तो स्वतःला शिवी घालून पहिल्यापासून सुरू करायचा. त्याचे गुडघे आमच्या जुन्या कपाटासारखे वाजत होते. मी खुर्चीवर बसून टेबलावर हात आपटत होते. "डावा! डावा खाल्लास!" अडुसष्ट वर्षांचा माणूस, इथल्या महाराष्ट्र मंडळात ज्याला लोक वाकून नमस्कार करतात, तो टेबलाभोवती फेऱ्या मारत "वन, टू, वन, टू" म्हणत होता. रविवारपर्यंत दोन्ही ठोके सारखे पडायला लागले. ऐकायला ते फारसं सुंदर नव्हतं. त्याचं त्यालाही ते कळत होतं.

सोमवारी सात तारीख. खुर्ची दुपारी येणार होती. सकाळी साडेसहाला मी पलंगाच्या कडेला बसले. तो पॅसेजच्या टोकाला, टॉयलेटच्या दाराशी, माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. डोळे उघडे.

"बघ हं," मी म्हणाले. "पायांकडे."

त्याने सुरू केलं. मी उठले, उजवा टाकला आणि डाव्याच्या खाली ठोका होता. डावा पडला. उजवा. डावा. पहिलं दार आलं, डावा जरासा कचरला, आणि शशीने तेच तीन सूर पुन्हा एकदा घेतले, जरा उचलून. मी दाराबाहेर आले. सहा पावलं, सात, आठ. मी वर बघितलं, कारण सुरात काहीतरी बदललं होतं.

तो माझ्या पायांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा वितळत चालला होता. मला तेव्हा कळलं की माझ्या नवऱ्याने, आयुष्यभर लोकांचे पाय तपासलेल्या डॉक्टरने, माझे पाय आजपर्यंत बघितलेच नव्हते. आठ महिने तो शेजारून धरून चालत होता, समोर भिंतीकडे बघत. आता त्याला ते दिसत होते. आत वळलेली बोटं, घासत येणारी टाच, आणि दर पावलाआधीची ती केविलवाणी थरथर. गज तारेवर थांबला. दुसऱ्या दाराच्या पट्टीवर माझा डावा पाय चिकटला आणि धड पुढे झुकलं.

त्याने व्हायोलिन खाली केलं आणि मला धरायला हात पुढे आणला.

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "वाजव."

"सुमेधा, मला माहीत नव्हतं गं इतकं..."

"आता माहीत झालं. रडायचं तर रड, मी नको म्हणत नाही. पण वाजव, शशी. मी पडेन."

त्याने व्हायोलिन परत हनुवटीखाली घेतलं. रडत होता, नाक गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. सूर बेसूर लागत होते, त्याच्या आयुष्यात लागले नसतील इतके. पण ठोका पडला, आणि दुसराही पडला, तितकाच भक्कम. त्याने नजर काढली नाही. मला फार प्रेम वाटलं त्याच्याबद्दल, आणि ते सांगायला वेळ नव्हता. डावा पाय सुटला.

मी त्याला वळसा घालून आत गेले आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा दार लावून घेतलं.