चौथं शील

नानांनी गोळी जिभेवर ठेवली, बायकोच्या, शालनच्या हातून पेला घेतला, दोन घोट प्यायले आणि मान मागे टाकली. शालन समोरच उभी होती. गोळी गालात सरकवायची युक्ती आता त्यांना चांगली जमली होती.

"गेली?"

"गेली."

शालन स्वयंपाकघरात वळली. नाना बेसिनपाशी गेले, नळ सोडला, चूळ भरली आणि गोळी पाण्याबरोबर वाहून गेली. नजर जरा इकडून तिकडे फिरवली की डोक्यात झणकन झटका बसायचा, उघड्या वायरला बोट लागल्यासारखा. कपाळावर घाम, पोटात मळमळ. चौसष्ट वर्षांचा माणूस, सगळी हयात पोस्टात सचोटीने काढलेली, आणि उतारवयात चोरी शिकला ती गोळी न खाण्याची. काय म्हणावं या कर्माला!

कचरू सोनबा ओव्हाळ हे त्यांचं नाव, पण विश्रांतवाडीत त्यांना सगळे नानाच म्हणत. नाना बौद्धाचार्य होते. वस्तीतली लग्नं लावायची, बारशाला नाव ठेवायचं, कुणी गेलं तर घरी जाऊन वंदना घ्यायची, ही कामं त्यांनी नोकरी सांभाळून केली आणि निवृत्तीनंतर तर जास्तच केली. वडील सोनबा दारूपायी गेले होते. त्यामुळे पंचशील देताना पाचव्या शीलाला, म्हणजे नशेपासून दूर राहण्याच्या शीलाला, नानांचा आवाज आपोआप चढायचा. हॉलमधले चार-दोन पुरुष खाली बघायला लागायचे. नानांना ते मनापासून आवडायचं.

हा आजार आला तो कारण नसताना आला. पेन्शन होती, घर स्वतःचं होतं, मुलगा चेतन खराडीला चांगल्या कंपनीत होता. तरी पहाटे जाग यायची ती छातीवर कुणीतरी बसल्यासारखी. भाकरी तोंडात फिरत राहायची. दाढी वाढली. नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले, तेव्हा चेतनने रजा टाकली आणि त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टर बाईंनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, "काका, गुण यायला काही आठवडे लागतील. रोज घ्यायची. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. आणि मनात भलतंसलतं आलं तर लगेच मला फोन."

गुण आला. नाना दाढी करायला लागले, संध्याकाळी विहारात जायला लागले. तिथेच एका रविवारी वंदना झाल्यावर वस्तीतले दुसरे बौद्धाचार्य बापूराव म्हणाले, "नाना, या मेंदूच्या गोळ्या म्हणजे नशाच हो. डॉक्टरच्या चिठ्ठीची, एवढंच." बापूराव हसत हसत म्हणाले, चहा प्यायले आणि घरी गेले. नानांच्या मात्र ते काळजात रुतलं. गोळीने सुरुवातीला झोप यायची, हे खरंच होतं. तोंड कोरडं पडायचं, हेही खरं. सोनबाही सकाळी उठून आधी पाणीच मागायचे.

त्यात वस्तीतले दिग्विजय सोनवणे मुलीच्या लग्नाचं सांगायला आले. "नाना, सृष्टीचं लग्न तुम्हीच लावायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून शील घेणार नाही पोरगी." नाना हो म्हणाले आणि त्याच दिवसापासून गोळ्या बेसिनमध्ये जायला लागल्या. पोटात नशा ठेवून पोरीला पाचवं शील द्यायचं? ते नानांच्याने होणार नव्हतं.

शिवाय घरात शालन होती. त्यांची धाकटी मुलगी नम्रता पाच वर्षांची असताना तापाने गेली, तेव्हा शालन महिनोन्‌महिने दगड झाली होती. पण सावरली. कुठली गोळी नाही, काही नाही. नाना व्याख्यानात हे उदाहरण द्यायचे. "आमच्या घरात बघा. या बाईने दुःख धम्माच्या बळावर पचवलं." लोक टाळ्या वाजवायचे. आता अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना आपलंच व्याख्यान ऐकू यायचं आणि लाज वाटायची. बाई पोरीच्या मरणातून उठली, आणि आपल्याला काहीही झालेलं नसताना उठवत नाही.

सृष्टीच्या लग्नाला हॉल गच्च भरला होता. पांढऱ्या साडीतली सृष्टी आणि तिचा नवरा मुलगा प्रतिमांपुढे हात जोडून उभे होते. नानांनी माईक धरला. त्रिशरण नीट झालं. मग ते एकेक शील आधी पालीतून सांगायला लागले, मागोमाग मराठीतून अर्थ, आणि हॉल त्यांच्या पाठोपाठ म्हणायला लागला. पहिलं झालं. दुसरं झालं. डोक्यात झटके बसत होते, माईकचा हात घामाने घसरत होता, पण नाना नेटाने पुढे चालले होते. त्यांचं सगळं लक्ष पाचव्याकडे होतं. एकदा का पाचवं स्वच्छ तोंडाने दिलं की मग काय व्हायचं ते होवो.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. नानांनी ते पालीतून सांगितलं आणि अर्थ सांगायला मान वर केली. दुसऱ्या रांगेत शालन हात जोडून, डोळे मिटून बसली होती. पुढचं वाक्य कधी येतंय याची वाट बघत होती.

गेली? गेली.

नानांचं तोंड उघडं होतं, पण आवाज फुटेना. सृष्टीने वळून पाहिलं. मागे कुणीतरी खोकलं. "खोटं..." एवढंच म्हणून नानांना रडू कोसळलं, भर हॉलमध्ये, लहान पोरासारखं. बापूराव लगबगीने पुढे आले आणि त्यांनी माईक घेतला. तो त्यांना तसा बरेच दिवस हवाच होता.

हॉलच्या मागे आचाऱ्यांची मोठी पातेली घासायला पडली होती. तिथे पालथ्या क्रेटवर नाना बसले. आतून बापूरावांचा आवाज येत होता, मग फुलं उधळल्याचा गलका आला. लग्न लागलं. आपल्यावाचून काहीच अडलं नाही, हे नानांच्या ध्यानात आलं. कशावाचूनच कुणाचं अडत नाही. पलीकडे आळंदी रोडवर गाड्या भरधाव जात होत्या. नाना त्यांच्याकडे बघत राहिले.

"अहो!" शालन धापा टाकत आली. "काय होतंय? घेरी आली का?"

"गोळ्या घेत नाही मी."

"काय?"

"थुंकतो बेसिनमध्ये. सृष्टीचं लग्न ठरल्यापासून. आता डोक्यात झटके बसतायत."

शालनचा चेहरा लाल झाला. "आणि मी रोज पेला घेऊन उभी राहते ती येडी म्हणून? रोज तोंडावर सांगत होता ना, गेली म्हणून?"

"हो."

"शाबास! आचार्य ना तुम्ही!"

ती अजून बोलली असती तरी नानांना चाललं असतं. ते म्हणाले, "शालन, मला नको वाटतंय."

"नको तर नको, डॉक्टरांना विचारू, दुसरी देतील."

"गोळी नाही. सगळंच. राहायलाच नको वाटतंय."

आता ही हंबरडा फोडणार, नाहीतर असं अभद्र बोलू नका म्हणणार, असं नानांना वाटलं. शालनने तसं काही केलं नाही. तिने दुसरं क्रेट ओढलं, समोर बसली आणि त्यांचं मनगट धरलं.

"जीव द्यायचं मनात येतंय?"

इतकं सरळ कुणी विचारेल याची नानांनी कल्पनाच केली नव्हती. "येतंय," ते म्हणाले.

"आज काही ठरवलंय?"

"ठरवलं नाही. पण सारखं येतंय."

"बरं. मग आता मी तुम्हाला सोडत नाही. संडासला गेलात तरी दाराशी उभी राहीन." एका हाताने मनगट तसंच धरून तिने दुसऱ्या हाताने फोन लावला. "मॅडम, मी ओव्हाळांची मिसेस. यांनी गोळी एकदम बंद केलीये. झटके बसतायत म्हणे. आणि जगायला नको म्हणतायत."

फोन स्पीकरवर होता. डॉक्टर बाईंचा आवाज शांत होता. "एकटं सोडू नका. आत्ताच्या आत्ता घेऊन या, मी थांबलेय. आणि राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून घरी एकदम दोन-तीन देऊ नका हं. काही न देता या."

रिक्षात शालनने चेतनला फोन करून दवाखान्यात यायला सांगितलं. मनगट तिने सोडलं नव्हतं.

डॉक्टर बाईंनी बराच वेळ घेतला. रक्तदाब पाहिला, झोपेचं विचारलं, मनात येतं ते नेमकं काय आणि कधी येतं, तेही विचारलं. मग म्हणाल्या, "काका, हे झटके, ही मळमळ, गोळी एकदम तोडल्याची आहे. आणि आजार तर पूर्ण गेलेला नव्हताच, तो पुन्हा वर आला. आज एकच गोळी घ्यायची. परवा पुन्हा दाखवायला यायचं. गोळ्या काकूंच्या ताब्यात राहतील आणि रात्रंदिवस कुणीतरी तुमच्याजवळ असेल. गोळी कधीतरी बंद करूच आपण, पण ती मी हळूहळू कमी करत आणेन. तुम्ही नाही."

"ही नशा आहे का, मॅडम?" नानांनी विचारलं.

"नाही. नशेसाठी कुणी ही घेत नाही, काका. नशा तिच्याने होतच नाही."

नानांनी मान हलवली. डॉक्टरांचं बरोबर असेलही. पण डॉक्टरांना कुठे उठून शीलं द्यायची असतात?

चेतन येईपर्यंत बाहेर बसा, असं बाईंनी सांगितलं. खालच्या औषधाच्या दुकानातून शालनने पाण्याची बाटली आणि गोळ्या आणवल्या होत्या. एक गोळी तिने नानांच्या तळहातावर ठेवली. नाना गोळीकडे बघत बसले. समोर टीव्ही आवाज बंद करून चालू होता.

"घ्या ना."

"तुला नाही लागली," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "नम्रता गेली तेव्हा तुला नाही लागली गोळी. आपल्या बळावर उठलीस. मलाच मेल्याला..."

शालनने बाटलीचं झाकण उघडलं.

"लागली होती," ती म्हणाली.

"काय लागली होती?"

"गोळी. ही नव्हे, पण असलीच. दीड वर्ष घेतली."

नानांना आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा ते सावरून बसले. "दीड वर्ष? आणि दर रविवारी विहारात..."

"तुम्ही सांगायचात, मी म्हणायचे. पाचही."

"पाचवंसुद्धा?"

"पाचवं बिनघोर म्हणायचे. माझ्या तेव्हाच्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, नशा का म्हणून." शालनने पदराने नाक पुसलं. "चौथ्याला जीभ अडायची. घरातून निघताना खोटं सांगून निघायचे ना. तेच डॉक्टर मला विचारायचे, जीव द्यायचं मनात येतं का. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बरं वाटलं होतं."

आतून एक बाई रडत बाहेर आली, तिच्यामागून तिची आई. व्याख्यानातल्या त्या टाळ्या नानांना आठवल्या आणि कानशिलं तापली. त्या टाळ्या चालू असताना ही पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेली असायची. लाजतेय, असं त्यांना वाटायचं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला?" शालन म्हणाली.

तिने तो शब्द रागाने नाही उच्चारला. नुसता उच्चारला. नानांच्या तळहाताला घाम येऊन गोळी ओली व्हायला लागली होती.

"कोण न्यायचं मग तुला?"

"कोण नेणार? बसने जायचे. दवाखान्यात बाकावर शेजारी पिशवी ठेवायचे, म्हणजे बरोबर कुणी आहे असं वाटायचं लोकांना. तुम्हाला सांगितलं होतं, नारायण पेठेत शिवणक्लास लावलाय. तुम्ही म्हणालात, छान, मन रमेल."

नानांना तो शिवणक्लास आठवत होता. चारचौघांत त्यांनी त्याचंही कौतुक केलं होतं.

"दीड वर्ष क्लास केलास," ते हळूच म्हणाले, "आणि घरात एक झबलंसुद्धा नाही शिवलेलं."

"तुम्ही कधी विचारलंच नाही."

नानांनी गोळी तोंडात टाकली आणि पाण्याचा घोट घेऊन गिळली. चेतन जिन्याने धावत वर आला तेव्हा नाना शालनकडे तोंड करून बसले होते आणि तिला विचारत होते, कितव्या नंबरच्या बसने जायचीस, उतरल्यावर किती चालायला लागायचं, आणि त्या दिवशी, पहिल्या दिवशी, पाऊस होता का ऊन.