शेहेचाळीस नंबर

मॉरीन थ्रेलफॉलचं पहिलं गाणं सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत आलं तेव्हा त्रेसष्टावं होतं. इंग्लंडमधल्या फ्लीटवुडच्या बंदरात माशांच्या पेट्या धुता धुता तिला चाल सुचली होती. मँचेस्टरच्या एका छोट्या कंपनीनं 'खारे दिवे' या नावानं तिची रेकॉर्ड काढली. पुढच्या रविवारी गाणं चाळीसवर गेलं, मग बावीस, मग नऊ. पाचव्या रविवारी संध्याकाळी रेडिओवर यादी खालून वर वाचली जाऊ लागली, तेव्हा मॉरीनला घरात बसवेना. कोट अडकवून ती बाहेर पडली.

मे महिना होता, ओहोटीची वेळ. समुद्रावरचं धुकं गल्लीत उतरलं होतं. घराघरांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येकीत तोच कार्यक्रम लागला होता. तिचं गाणं सुरू झालं ते सगळ्या गल्लीतूनच. ती चालत राहिली. एका खिडकीतला आवाज मागं पडायच्या आत पुढच्या खिडकीतला तिला सोबत घ्यायचा. एकही ओळ तुटली नाही. आपण हे गायलोच नाही, आपल्यालाच कुणीतरी गातंय, असं तिला वाटत राहिलं.

गाणं संपलं. दुसरा नंबर.

"दुसरी आलीस होय!" शेजारच्या क्रॉपरबाई दारातून ओरडल्या. "शाळेत तर कधी पंधराच्या आत नव्हतीस!"

मॉरीन हसत सुटली.

त्या उन्हाळ्यात तिचा पहिला अल्बम चौदावर पोचला. दुसरा अल्बम करायला तिला लंडनला नेलं. चाळीस व्हायोलिनं, सबंध एक वर्ष. तो एकाहत्तरवर आला आणि पुढच्या आठवड्यात दिसेनासा झाला. त्यातली दोन गाणी वेगळ्या रेकॉर्डवर काढली, ती यादीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाहीत. तिचं काम पाहणाऱ्या डेसमंड पाइलचे फोन हळूहळू कमी झाले, आणि शरद ऋतूत मॉरीन घरी परतली.

वडील, विल्फ, स्वयंपाकघरात तळलेला मासा खात बसले होते. मासेमारीच्या ट्रॉलरच्या इंजिनखोलीत तीस वर्षं काढल्यामुळं ते ठार बहिरे झाले होते. समोरच्याचे ओठ वाचून बोलत.

"कितवा नंबर?" त्यांनी विचारलं.

"नंबरच नाही, बाबा."

"म्हणजे आता मोजणारं कुणी नाही. चल, मग मला वाजवून दाखव."

त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या पियानोच्या लाकडावर दोन्ही तळवे टेकले. मॉरीन एकामागून एक गाणी वाजवत गेली. विल्फ नुसते मान हलवत होते. एका संथ गाण्यापाशी मात्र त्यांचे डोळे मिटले.

ते संपल्यावर म्हणाले, "हे कुठलं?"

"हे रेकॉर्डवर घेतलंच नाही. डेसमंड म्हणाला, यात काही घडतच नाही."

"त्याला काय कळतंय, डोंबल! समुद्र शांत असला की इंजिन असंच बोलायचं. आम्हाला त्यात झोप लागायची, पोरी. परत वाजव."

तिनं परत वाजवलं. अंधार पडेपर्यंत वाजवत राहिली. दिवा लावायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

हिवाळ्यात तिनं ते गाणं त्याच खोलीत, त्याच पियानोवर, एकटीनं ध्वनिमुद्रित केलं. मँचेस्टरच्या जुन्या कंपनीनंच वसंतात ते बाजारात आणलं. शेहेचाळीस नंबर. पुढच्या आठवड्यात शेहेचाळीस. तिसऱ्याही आठवड्यात शेहेचाळीस.

"अगं, हे वर चढत नाही न् खालीही उतरत नाही," डेसमंडचा फोन आला. "उभ्या जन्मात असं पाहिलं नाही मी!"

अकरा आठवडे ते तिथंच तरंगत राहिलं. पत्रं येऊ लागली. रात्रपाळीच्या नर्सांची, बाळंतिणींची, कुठल्याशा बेटावरच्या दीपगृहवाल्याचं. एका म्हाताऱ्या जोडप्याचं पत्र मॉरीननं वडिलांसमोर बसून, ओठ नीट दिसतील असं वाचलं: "रेकॉर्डची दुसरी बाजू कशी आहे ते आम्हाला अजून ठाऊक नाही. पहिल्याच बाजूला आमचा डोळा लागतो."

विल्फनी खुर्ची पुढं ओढली.

"ती ओळ परत वाच," ते म्हणाले, "आणि जरा सावकाश."